सराव सीईटीची उत्तरं जुळवायची कशी?

सराव पेपर सुटला की पोरं जिना उतरता उतरताच सुरू होतात. "पेंड्युलमचं किती आलं बे?" एक म्हणतो सी, दुसरा म्हणतो बी, तिसऱ्याला सी आलेलं असतं म्हणून बीवाल्याचं तोंड उतरतं. पाच मिनिटांत पायरीवरच सगळ्या पेपरचा निकाल लागतो. घरी पोचेपर्यंत कोणता प्रश्न का चुकला हे कुणालाच आठवत नाही, फक्त "अठरा-वीस गेले" एवढं डोक्यात राहतं.

आकडा काय, तो क्लासची आन्सर की सांगतेच. मित्रांबरोबर बसून मिळवायचं ते वेगळं असतं : आपण त्या उत्तरापर्यंत कसे पोचलो आणि शेजारचा कसा पोचला. त्यासाठी दीड तास लागतो आणि थोडी तयारी पेपर चालू असतानाच करावी लागते.

आधी पेपरचा हिशेब नीट डोक्यात ठेवा. एमएचटी-सीईटी म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा. तिच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क, दोन्ही मिळून ९० मिनिटं. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं. एकूण २०० मार्क. पीसीबी गटाला मॅथ्सच्या जागी बायोलॉजीचे १०० प्रश्न, १ मार्काचे, तितक्याच वेळात. म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीत एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, मॅथ्समध्ये १०८. निगेटिव्ह मार्किंग नाही. या शेवटच्या गोष्टीमुळे उत्तरं जुळवण्याचा सगळा रंगच बदलतो, त्याकडे पुढे येऊ.

पेपर सोडवताना कच्च्या कागदाच्या कडेला एक अरुंद रकाना आखून ठेवा. ज्या उत्तराची खात्री आहे त्याचं काहीच लिहायचं नाही. दोन पर्यायांत अडकून एक निवडला असेल तर प्रश्नाचा नंबर आणि पुढे टिंब. निव्वळ तुक्का मारला असेल तर नंबर आणि फुली. वाचायलाच वेळ मिळाला नाही आणि शेवटच्या मिनिटाला काहीतरी दाबलं, तर नंबरभोवती गोल. सगळ्या १५० प्रश्नांना खुणा करत बसलात तर दोन-दोन सेकंद म्हटले तरी पाच मिनिटं जातात. फक्त शंकेच्या प्रश्नांना केल्या तर मिनिटभरात भागतं. खुणा पेपर चालू असतानाच करायच्या. बाहेर आल्यावर विचारलं तर प्रत्येकाला आपली बरोबर आलेली सगळी उत्तरं "येतच होती" असं वाटतं आणि चुकलेली सगळी "गडबडीत गेली" असं वाटतं.

कच्चे कागद टाकू नका. खऱ्या परीक्षेत ते केंद्रावर जमा करावे लागतात, पण सराव पेपरचे तुमचेच असतात आणि उत्तरं जुळवताना तेच खरा पुरावा. म्हणून कच्च्या कामातसुद्धा प्रत्येक गणिताच्या आधी प्रश्नाचा नंबर टाकायची सवय लावा. नंबर नसलेल्या आकडेमोडीचा कागद तासाभरानं तुम्हाला स्वतःलाही कळत नाही.

पेपर सुटल्यावर लगेच बसू नका. एप्रिलमध्ये सोलापुरात दुपारी बाराला बाहेर पडलात तर पारा चाळिशीपार असतो, तीन तास स्क्रीनकडे बघून डोकं आधीच तापलेलं असतं. घरी जा, जेवा, थोडं पडा. संध्याकाळी पाचला भेटा. मधल्या वेळात एकट्यानं वीस मिनिटांचं एक काम करायचं : टिंब आणि फुलीवाले प्रश्न पुन्हा एकदा, घड्याळ न लावता, स्वतः सोडवून बघायचे. यातले काही आता सुटतील. ते "येत होतं पण वेळेत आलं नाही" या खात्यात जातात. दुसऱ्या कुणाचं उत्तर कानावर पडण्याआधी हे झालं पाहिजे, नाहीतर हे खातं कायमचं रिकामं राहतं.

बसायचं तिघांनी, फार तर चौघांनी. सहा-सात जण जमले की दोघं बोलतात, बाकीचे माना हलवतात. चौघांत एकतरी मॅथ्समध्ये पक्का आणि एकतरी केमिस्ट्रीची पुस्तकं पाठ असलेला असेल तर उत्तम. चौघंही एकाच बाकावरचे आणि एकाच सरांच्या ट्रिक वापरणारे असतील तर चौघं मिळून एकच चूक करतात. अभ्यासिकेत बोलू देत नाहीत आणि नवी पेठेतल्या चहाच्या गाड्यावर कागद पसरता येत नाहीत, तेव्हा कुणाच्या तरी घराची गच्ची किंवा क्लासची रिकामी खोलीच बरी. मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूरची एसटी पकडणाऱ्यांना संध्याकाळी थांबता येत नाही. त्यांनी आपल्या उत्तरांच्या यादीचा फोटो ठरलेल्या वेळेआधी ग्रुपवर टाकावा आणि शंकेच्या प्रश्नांवर मिनिटभराचा व्हॉइस मेसेज. नुसतं "२३ ला २० आलं" लिहून भागत नाही, कसं आलं ते बोलून पाठवायचं.

आता मूळ काम. पहिला नियम : पर्यायाचं अक्षर जुळवायचं नाही, उत्तर जुळवायचं. ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, घेतलेल्या पेपरात ए, बी, सी, डी असे वेगवेगळे सेट असतात. कॉम्प्युटरवरच्या पेपरात प्रश्नांचा आणि पर्यायांचाही क्रम प्रत्येकाला वेगळा येऊ शकतो. तुमचा बी हा माझा डी असेल. त्यामुळे एकाचा पेपर पायाभूत धरा, त्याच्या क्रमानं प्रश्न वाचा आणि प्रत्येकानं आपलं उत्तर आकड्यात, सूत्रात किंवा शब्दांत सांगा. एका फुलस्केप कागदावर तक्ता करा : डावीकडे प्रश्नाचा नंबर, पुढे प्रत्येकाचा एक रकाना, त्यात उत्तर आणि खूण.

पहिल्या फेरीत फक्त उत्तरं सांगायची, कारणं अजिबात नाहीत. कुणी "अरे पण ते तर..." म्हणून सुरू झाला की थांबवा. कारण असं की, सगळ्यात हुशार समजला जाणारा पोरगा एकदा बोलला की बाकीचे आपलं उत्तर गुपचूप बदलून सांगतात आणि तक्ता खोटा होतो. एका प्रश्नाला सहा-सात सेकंद धरले तर १५० प्रश्नांची ही फेरी पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

तक्ता भरला की प्रश्नांचे चार ढीग दिसतात. सगळ्यांचं उत्तर एक आणि कुणाचीच शंका नाही : सोडून द्या. उत्तर एक, पण दोघांच्या रकान्यात टिंब किंवा फुली : ज्याला खात्री होती त्यानं मिनिटभरात सांगावं. उत्तरं वेगवेगळी : निम्म्याहून जास्त वेळ इथेच जाऊ द्या. कुणालाच आलं नाही : शेवटी वेळ उरला तर, नाहीतर सरांकडे.

वेगवेगळ्या उत्तरांच्या ढिगात मतदान करायचं नाही. समजा प्रश्न असा आहे : साध्या दोलकाची लांबी ४४ टक्क्यांनी वाढवली तर आवर्तकाल किती टक्क्यांनी वाढेल? पर्याय ४४, २२, २० आणि १२. तिघांचं उत्तर २२, एकाचं २०. तिघांनी एकच ट्रिक वापरलेली असते : आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून, म्हणून टक्केवारी निम्मी करायची. ही ट्रिक खोटी नाही, पण बदल लहान असेल तेव्हाच चालते. लांबी १ टक्का वाढली तर आवर्तकाल जवळजवळ अर्धा टक्का वाढतो, तिथे फरक कळतही नाही. ४४ टक्क्यांना मात्र नीट वर्गमूळ काढावं लागतं : नवी लांबी जुनीच्या १.४४ पट, १.४४ चं वर्गमूळ १.२, म्हणजे वाढ २० टक्के. पेपर काढणाऱ्यानं ४४ हा आकडा मुद्दाम निवडलाय, कारण त्याचं वर्गमूळ सुटसुटीत येतं, आणि २२ हा पर्याय मुद्दाम ठेवलाय. तिघं विरुद्ध एक असं मत पडलं असतं तर चौथ्यानंही आपलं बरोबर उत्तर खोडलं असतं.

म्हणून बोलण्याचा क्रम उलटा ठेवा. ज्याचं उत्तर एकटं पडलंय त्यानं आधी मांडायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग बाकीच्यांपैकी ज्याला सगळ्यात कमी खात्री आहे त्यानं. पक्का गडी शेवटी. एका प्रश्नाला चार मिनिटं, फोनवर टायमर लावून. चार मिनिटांत मिटलं नाही तर नंबरापुढे चांदणी काढा आणि पुढे चला. एका प्रश्नावर पाऊण तास भांडून उरलेले तीस प्रश्न तसेच गुंडाळायचे, हे दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गच्चीवर होतंच.

मॅथ्समध्ये भांडणाचा एक खास प्रकार असतो, तो ओळखता आला की बराच वेळ वाचतो. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन घ्या. एकानं साइनला टी धरलं, त्याचं उत्तर आलं साइन स्क्वेअर एक्स भागिले २. दुसऱ्यानं कॉसला टी धरलं, त्याचं आलं वजा कॉस स्क्वेअर एक्स भागिले २. तिसऱ्यानं आधी साइन २एक्सचं सूत्र लावलं, त्याचं आलं वजा कॉस २एक्स भागिले ४. तिघंही एकमेकांची चूक शोधत बसतात आणि चूक कुणाचीच नसते. तिन्ही उत्तरांत फक्त स्थिर संख्येचा फरक आहे आणि तो "अधिक सी" मध्ये जिरतो. पहिल्या दोन उत्तरांची वजाबाकी केली तर नेमका अर्धा उरतो, कारण साइन स्क्वेअर आणि कॉस स्क्वेअरची बेरीज १. इंटिग्रेशनचं भांडण मिटवायचा एकच रस्ता : दोन्ही उत्तरांचं डिफरन्शिएशन करा. मूळ प्रश्न परत आला की उत्तर बरोबर. त्रिकोणमितीच्या उत्तरांत एक्सच्या जागी सोपा कोन घालून बघा, ३० अंश चालतो. शून्य आणि ९० शक्यतो टाळा, कारण तिथे चुकीची सूत्रंही कधीकधी बरोबर निघतात. मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न २ मार्कांचा, म्हणून वेळ कमी असेल तर या ढिगापासून सुरुवात करा.

केमिस्ट्रीच्या आकडेमोडीत चुकलेलं उत्तरच चूक सांगतं. समजा एन्थाल्पीतला बदल वजा ३० किलोज्यूल, एन्ट्रॉपीतला बदल वजा ५० ज्यूल प्रति केल्विन, तापमान ३०० केल्विन, आणि विचारलंय गिब्ज ऊर्जेतला बदल. बरोबर उत्तर वजा १५ किलोज्यूल. ज्याचं वजा ४५ आलं त्यानं एन्ट्रॉपीचं वजा चिन्ह गिळलंय. ज्याचं १४,९७० आलं त्यानं ज्यूलचं किलोज्यूल केलं नाही. दोघांचंही "चुकलं" असं लिहून पुढे गेलात तर दोघांच्या हाती काही लागत नाही, कारण एकाला चिन्हांची सवय सुधारायचीय आणि दुसऱ्याला एकक लिहायची. ऑरगॅनिकमध्ये आणि बायोलॉजीत चर्चा लांबवू नका. तिथे पुस्तक उघडायचं, ओळ शोधायची, बोट ठेवायचं. सीईटी राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, त्यामुळे बालभारतीचं पुस्तक हाताशी हवंच. पेपरात बारावीचा वाटा मोठा, साधारण ८० टक्के.

सोलापुरात आणखी एक अडचण येते, ती बाहेरच्यांना चटकन कळायची नाही. चौघांतल्या एकाच्या घरी तेलुगू, दुसऱ्याच्या कन्नड, तिसऱ्याच्या उर्दू आणि दहावीपर्यंतचं माध्यम प्रत्येकाचं निराळं. एक वारंवारता म्हणतो, दुसरा फ्रिक्वेन्सी, आणि तिसऱ्याला ते आवर्तकालच वाटतं. कारण सांगताना शब्दावर अडू नका, कागदावर चिन्ह आणि एकक लिहून दाखवा. सेकंद लिहिलं की हर्ट्‌झ, एवढ्यावरून गोंधळ संपतो. खऱ्या परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतून किंवा उर्दूतूनही घेता येतो, मॅथ्स मात्र इंग्रजीतच. त्यामुळे मॅथ्सचे प्रश्न जुळवताना मोठ्यानं वाचायचे ते इंग्रजीतच वाचा. "अ‍ॅट लीस्ट" आणि "अ‍ॅट मोस्ट" यांची अदलाबदल झाली की प्रोबॅबिलिटीचं पूर्ण गणित उलटं होतं, आणि ही चूक गणिताची नसतेच.

आन्सर की शेवटी उघडायची. आधी उघडली की कुणीच डोकं लावत नाही, "की मध्ये बी आहे ना, मग बीच" असं होतं. चर्चेनंतर तक्त्यात शेवटचा रकाना कीचा भरा. इथे सगळ्यात मोलाचे प्रश्न दोन : चौघांचं उत्तर एक, चौघांना खात्री आणि की वेगळंच सांगते ते, आणि तुमची खूण नसलेला, म्हणजे पक्का वाटलेला, तरीही चुकलेला. पहिल्या प्रकारात कीवरही संशय घ्या. छापील सराव पेपरांच्या कीमध्ये चुका असतात, पर्याय बदलला पण की जुनीच राहिली असा प्रकार नेहमीचा. पण नुसतं "की चुकली" म्हणून भागणार नाही. सोडवलेलं उत्तर, पुस्तकातला पान नंबर आणि उलटी पडताळणी, अशा तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून सरांना द्या. खऱ्या सीईटीनंतरही हेच उपयोगी पडतं : परीक्षा घेणारं सीईटी सेल उमेदवाराच्या लॉगिनमध्ये प्रश्न, त्यानं दिलेली उत्तरं आणि की दाखवतं, आक्षेप घ्यायला मोजके दिवस असतात आणि दर आक्षेपामागे पैसे भरावे लागतात. चिठ्ठी लिहायची सवय असेल तर कुठल्या प्रश्नावर पैसे घालायचे हे ठरवता येतं.

कॉम्प्युटरवरच्या पेपरात आणखी एक रकाना तपासा : तुम्ही सांगितलेलं उत्तर आणि सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलं उत्तर. पर्यायावर क्लिक केलं पण "सेव्ह अँड नेक्स्ट" न दाबता शेजारच्या नंबरावर उडी मारली, तर प्रश्न "नॉट आन्सर्ड" दिसतो. ओएमआरवर एक गोल सुटला की पुढचे सगळे एक घर सरकतात. सलग सात-आठ उत्तरं चुकलेली दिसली तर आधी हेच बघा, अभ्यासाला दोष देण्याआधी.

आता मार्कांचं. निगेटिव्ह नसल्यामुळे सगळे तुक्के मारतात आणि मारावेतच. पण चार पर्यायांत २४ तुक्के मारले तर सरासरी ६ आपोआप लागतात. मॅथ्समध्ये १२ तुक्क्यांतून ३ लागले की ६ मार्क फुकटचे. या रविवारी १२ लागतील, पुढच्या रविवारी ६. म्हणून तक्त्याखाली दोन बेरजा लिहा : एकूण मार्क आणि पक्के मार्क, म्हणजे खूण नसलेल्या बरोबर उत्तरांचे. एकूण १२० वरून ११२ झाले पण पक्के ८२ वरून ९० वर गेले, तर तुमची गाडी पुढेच चाललीय. घरचे "किती पडले?" विचारतील तेव्हा एकूण सांगा, वहीत पक्के लिहा.

पर्सेंटाइलवर मात्र वेळ घालवू नका. सीईटीच्या निकालात मार्क नव्हे, पर्सेंटाइल येतं, आणि ते त्या सत्राला बसलेल्यांपैकी किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क आहेत यावर निघतं. साठ जणांच्या बॅचमध्ये तुमच्यासकट ४८ जण तुमच्या बरोबरीला किंवा खाली असतील तर ८०. पण हे साठ जण म्हणजे अख्खं सत्र नव्हे. शिवाय दोन क्लासचे पेपर सारखे अवघड नसतात, तेव्हा सात रस्त्याच्या क्लासमधले १३० आणि जुळे सोलापुरातल्या क्लासमधले ११० यांची तुलना करून रडायचं किंवा फुगायचं काहीच कारण नाही.

उठण्याआधी प्रत्येकानं आपल्या चुकांची कारणं लिहायची, प्रश्नागणिक एक शब्द : "माहीत नव्हतं", "वाचलं चुकीचं", "चिन्ह", "एकक", "वेळ", "क्लिक". "सिली मिस्टेक" हा शब्द वहीत बंद. त्यातून दुसऱ्या दिवशी काय करायचं हे कळत नाही. "माहीत नव्हतं" जास्त असतील तर धडा वाचायचा आहे. "वेळ" जास्त असेल तर केमिस्ट्री ३५ मिनिटांत संपवून फिजिक्सला ५५ देऊन बघा, कारण पहिली ९० मिनिटं संपली की त्या भागाकडे परत जाता येत नाही. "वाचलं चुकीचं" जास्त असेल तर प्रश्नातला "नाही" आणि "चुकीचं विधान" हे शब्द कच्च्या कागदावर उतरवायची सवय लावा.

चुकलेले प्रश्न उत्तराशिवाय उतरवून घ्या, उत्तरं वहीच्या मागच्या पानावर. बुधवारी ते कोऱ्या कागदावर सोडवा, तक्ता न बघता. मित्रानं समजावलेलं रविवारी रात्री सोपं वाटतं. बुधवारी त्यातले जे पुन्हा अडतील त्यांच्यापुढे दुसरी चांदणी काढा आणि गुरुवारी तेवढेच घेऊन सरांकडे जा.